खेकड्याचे उत्पादन : देशोदेशींचा कल आणि पुण्याची बाजारपेठ

पुणे शहर समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे वसलेले असले, तरी येथील गणेश पेठेतील मासळी बाजारात खाडीच्या मासळीची आवक नित्याची आहे. या बाजाराचे भाव वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतात, तेव्हा खाडीच्या मासळीच्या यादीत ‘खेकडे’ आणि ‘चिंबोऱ्या’ अशी दोन नावे वेगवेगळी दिलेली आढळतात, आणि चिंबोरीचा भाव खेकड्याहून बराच चढा असतो. नवख्या गिऱ्हाइकास ही दोन्ही नावे एकाच प्राण्याची वाटतात. मासळी विकणाऱ्या कोळणीस मात्र ते मुळीच मान्य होणार नाही. चिंबोरी म्हणजे खाडीच्या चिखलात, कांदळवनाच्या मुळांशी बिळे करून राहणारा, जाड कवचाचा व जड नांग्यांचा खेकडा. सिंधुदुर्गात त्यालाच कुर्ली म्हणतात. पाठीवर तीन तांबूस ठिपके असलेले किंवा पट्ट्यापट्ट्यांचे, उघड्या समुद्रात जाळ्यात सापडणारे हलके खेकडे निराळे. आणि मावळ, मुळशी, भोर या भागांतील भातखाचरांत आढळणारा गोड्या पाण्याचा मुठा हा तिसराच प्राणी होय.

या तिघांना बाजारात मागणी आहे व ती वाढती आहे. तथापि मागणी वाढली म्हणजे उत्पादन वाढतेच असे नाही. खेकड्याच्या बाबतीत तर अनेक देशांत नेमके उलट घडलेले दिसते. ज्यांनी अंड्यावरील मादी आणि लहान पिल्ले राखली, किंवा बीज स्वतः तयार केले, त्यांचे उत्पादन टिकले वा वाढले. इतरांचे एकाएकी कोसळले. कोकणात चिंबोरीपालनाकडे वळू पाहणाऱ्या खाजण जमिनीच्या धारकांनी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा अनुभव समजून घेणे अगत्याचे आहे.

अलास्काचा धडा

अमेरिकेच्या अगदी उत्तरेकडील अलास्का प्रांतात, बेरिंग समुद्राच्या ब्रिस्टल उपसागरात, ‘राज-खेकडा’ या नावाने ओळखला जाणारा तांबडा, लांब पायांचा मोठा खेकडा पकडला जातो. १९७० नंतर त्याची पकड सतत वाढत गेली व १९८० साली ती सुमारे ५९,००० टनांवर पोहोचली. बोटी वाढल्या, शीतगृहे वाढली, बँकांनी कर्जे दिली. पुढील वर्षी, १९८१ साली, पकड सुमारे १५,००० टनांवर आली. १९८२ साली ती दीड हजार टनांपेक्षाही कमी झाली. आणि १९८३ साली तेथील मासेमारी पूर्णतः बंद ठेवावी लागली. केवळ तीन वर्षांत एका भरभराटलेल्या धंद्याची ही स्थिती झाली. पुढे मासेमारी पुन्हा सुरू झाली खरी. पण १९८० सालची पातळी त्या उपसागराने आजतागायत गाठलेली नाही, व २०२१ पासून दोन हंगाम ती परत बंद ठेवावी लागली.

या प्रकरणी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे मादी पकडण्यास बंदी होती आणि ठरावीक आकाराहून लहान नर सोडून द्यावेत असा नियमही होता. म्हणजे नियम चांगले होते. परंतु मोठ्या नरांची पकड किती करावी यास आळा राहिला नाही. समुद्राच्या तापमानातील बदल व खेकड्यांची पिल्ले खाणाऱ्या माशांची वाढ हीही कारणे सांगितली जातात आणि त्यांच्या वाट्याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. इतके मात्र खरे की मादी राखणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

त्याच समुद्रातील ‘हिम-खेकडा’ या दुसऱ्या जातीची कथा अधिक अलीकडील आहे. २०१८ आणि २०१९ साली बेरिंग समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ तापले. थंड पाण्यात राहणाऱ्या या प्राण्यास गरम पाण्यात जगण्यासाठी अधिक अन्न लागते. अन्न तेवढेच राहिले व खेकडे दाटीवाटीने होते. दहा अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले, आणि त्यांतील बहुतेक उपाशी मेले असावेत, असा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढण्यात आला. २०२२ साली इतिहासात प्रथमच हा हंगाम रद्द करण्यात आला. २०२४ साली अल्प प्रमाणात तो पुन्हा सुरू झाला. हवामानातील फेरफार हा शेतकऱ्यास पाऊसपाण्याच्या रूपाने परिचित आहे. समुद्रातील पिकावरही त्याची सत्ता चालते, हे यावरून दिसून येते.

अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया, ऑरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांत, ‘डंजनेस’ नावाच्या खेकड्याची मासेमारी शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. तेथे केवळ नर घ्यावयाचा, तोही सुमारे १६ सेंटिमीटर रुंदीच्या पुढचा, आणि कात टाकण्याच्या काळात मासेमारी बंद ठेवावयाची, असा साधा परिपाठ आहे. पकड वर्षागणिक कमीअधिक होते, पण मूळ पुंजी शाबूत राहिली आहे. पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात नर-मादी दोन्ही पकडण्याची पद्धत होती. २००८ साली निळ्या खेकड्यांची संख्या फार घटल्याचे पाहून मेरिलंड व व्हर्जिनिया राज्यांनी माद्यांच्या पकडीत सुमारे एक-तृतीयांश कपात केली. पुढील दोन-तीन वर्षांत तेथील खेकड्यांची संख्या ठळकपणे वाढली. नंतरच्या वर्षांत ती पुन्हा खालावली, हेही नमूद केले पाहिजे. कारण राखण एकदा करून भागत नाही, ती दरवर्षी करावी लागते.

हाच निळा खेकडा २०२३ साली इटलीत पो नदीच्या मुखाशी इतका बोकाळला, की तेथील शिंपल्यांची शेती त्याने फस्त केली व इटलीच्या सरकारला त्याच्या निर्मूलनासाठी लक्षावधी युरो मंजूर करावे लागले. आपल्या समुद्रात लाभ देणारी जात परक्या पाण्यात शत्रू ठरू शकते. म्हणून बाहेरच्या देशातील खेकड्याचे बीज आणून तळ्यात सोडण्याचा मोह कोणी कितीही दाखविला, तरी त्यास बळी पडू नये.

चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया

आज जगात सर्वांत अधिक खेकडा चीन देशात होतो. तेथील समुद्रातील पोहणाऱ्या खेकड्याची पकड वर्षाला चार-पाच लक्ष टनांच्या घरात आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट समुद्रातील नव्हे, तळ्यातील आहे. नांग्यांवर केसांचे झुपके असलेला एक खेकडा तेथील नद्यांत व सरोवरांत वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. नद्यांवर धरणे व दरवाजे बांधले गेले तसा त्याचा मार्ग अडला व तो दुर्मिळ झाला. १९७० च्या दशकात तेथील संशोधकांना त्याचे बीज कृत्रिम रीतीने तयार करण्यात यश आले. मग गुंडीएवढी पिल्ले विकत घेऊन तळ्यात, सरोवरात, इतकेच नव्हे तर भातखाचरातही ती वाढविण्याची पद्धत रूढ झाली. २०२० साली या एका जातीचे पालनातील उत्पादन सुमारे पावणेआठ लक्ष टन होते. लिआओनिंग प्रांतातील पानजिन या खाऱ्या सखल भागात भात आणि खेकडा ही दोन पिके एकाच खाचरात घेतात. खाचराच्या कडेने चर खणतात, बांधावर प्लास्टिकची उभी पट्टी लावून खेकड्यास बाहेर जाऊ देत नाहीत, आणि साहजिकच भातावर कीटकनाशक फवारण्याचे टाळतात.

व्हिएतनामच्या दक्षिण टोकास असलेल्या कामाऊ प्रांताची स्थिती आपल्या कोकणपट्टीशी अधिक मिळतीजुळती आहे. तेथे कांदळवन, कोळंबी आणि चिंबोरी ही तिन्ही एकाच आवारात राखली जातात व पालनासाठी लागणारी चिंबोरीची पिल्ले मुख्यत्वेकरून उबवणी केंद्रांतून येतात. खाडीतील पिल्ले वेचण्यावर तेथील शेतकरी अवलंबून राहिलेला नाही.

इंडोनेशियाने निराळा मार्ग पत्करला. पाश्चात्त्य देशांत डबाबंद खेकड्याच्या मांसाला मागणी वाढल्यामुळे तेथील किनाऱ्यावर लहानमोठा प्रत्येक खेकडा उचलला जाऊ लागला. तेव्हा २०१५ साली तेथील शासनाने अंड्यावरील मादी पकडण्यास मनाई केली. चिंबोरीसाठी १५ सेंटिमीटर व समुद्रातील निळ्या खेकड्यासाठी १० सेंटिमीटर अशी किमान रुंदी ठरवून दिली. नियमामुळे लहान मच्छीमारांची तात्पुरती ओढाताण झाली व पुढे त्यात फेरफारही करण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात तर चिंबोरीची मादी पकडण्यास मुळातच बंदी आहे.

मादी का राखावी

पुण्याच्या बाजारात चिंबोरी घेताना अनेक गिऱ्हाइके ‘लाखेची’ मादी मागतात. लाख म्हणजे मादीच्या पोटातील केशरी अंडाशय. त्याची चव सर्वमान्य आहे, यात वाद नाही. परंतु अशी मादी म्हणजे पुढील हंगामाचे बियाणे होय. पूर्ण वाढलेली मादी अंडी घालण्यासाठी खाडी सोडून समुद्रात जाते व काही दशलक्ष अंडी पोटाखालच्या पट्ट्यात धरून ठेवते. अंड्यातून निघालेला जीव खेकड्यासारखा दिसतही नाही. पाच अवस्थांतून तरंगत, मग सहाव्या अवस्थेत तळाकडे वळत तो खाडीकडे परततो. या प्रवासात बहुतेक सर्व पिल्ले माशांच्या मुखी जातात. लाखांत एखादे जगते. शेतकरी बियाण्याचे दाणे दळून खात नाही, कितीही नड असली तरी. तोच न्याय येथे लावावयास हवा.

नर व मादी ओळखणे अवघड नाही. खेकडा उलटा केल्यास पोटावर घडी घातलेला पट्टा दिसतो. नराचा पट्टा अरुंद व टोकदार, त्रिकोणासारखा; वयात आलेल्या मादीचा रुंद, गोलसर व काठाशी केसाळ. पट्ट्याखाली अंड्यांचा लगदा असल्यास ती मादी कोणत्याही परिस्थितीत खाडीत परत सोडावी.

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास बंदी असते. २०२३ साली राज्य शासनाने ५४ सागरी जातींसाठी पकडीचा किमान आकारही ठरवून दिला. पण खाडीत ओहोटीच्या वेळी गळाने वा हाताने चिंबोरी काढणाऱ्यापर्यंत नियमाचा हात फारसा पोहोचत नाही. तेथे गावाचा विवेकच उपयोगी पडतो.

कोकणातील चिंबोरीपालन

आपल्या देशात चिंबोरीचे बीज तयार करण्याचे काम तमिळनाडूत राजीव गांधी जलकृषी केंद्राने केले. या संस्थेने उबवणी केंद्र उभारून पिल्ले पुरविण्यास आरंभ केला. तेथून पिल्ले आणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही बचतगटांनी कांदळवनालगत कुंपण घालून त्यांचे पालन केले आहे. २०१२ साली स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष व २०१७ सालची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना यांचा या कामास आधार मिळाला. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे खाजण जमिनीच्या धारकांचे या धंद्याकडे अधिक लक्ष वेधले जाईल.

पालनाच्या दोन रीती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली रीत पिल्लापासून वाढविण्याची. यास सहा ते नऊ महिने लागतात व तळे, कुंपण, पाण्याची ये-जा या सर्वांची तजवीज करावी लागते. दुसरी रीत पुष्ट करण्याची. खेकडा वाढताना कात टाकतो. कात टाकल्यावर काही काळ त्याचे कवच मऊ व अंग पाण्याने भरलेले असते. असा पोकळ खेकडा बाजारात मातीमोल होतो. तो २० ते ३० दिवस भोकांच्या प्लास्टिकच्या डब्यात, एका डब्यात एकच याप्रमाणे, खाडीच्या पाण्यात तरंगत ठेवून त्यास दररोज स्वस्त मासळीचे तुकडे, शिंपल्यांचे मांस वा कोंबडीची आतडी खाऊ घातली, म्हणजे कवच टणक होते, मांस भरते व भाव दामदुपटीकडे जातो. थोड्या भांडवलात व थोड्या दिवसांत पैसा मोकळा होत असल्याने नवख्याने येथूनच प्रारंभ करावा.

मात्र या दुसऱ्या रीतीची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तिने खेकड्याचे वजन वाढते, खेकड्यांची संख्या वाढत नाही. खाडीतून वेचलेला खेकडाच ती बाजारात पाठविते. एखाद्या गावात पुष्ट करण्याचे डबे वाढले की बोटभर पिल्लांनाही भाव येतो, आणि मग पोरेसोरेसुद्धा ती वेचू लागतात. आज लाभ, उद्या खाडी रिकामी. म्हणून डब्यात केवळ पूर्ण वाढीचे पण पोकळ खेकडेच घ्यावेत. उत्पादन खऱ्या अर्थाने वाढवावयाचे असेल, तर उबवणी केंद्राच्या पिल्लांवाचून गत्यंतर नाही. चीन व व्हिएतनाम यांची वाढ याच पायावर झालेली आहे.

पालनासाठी पाण्याची क्षारता दर हजारी १० ते ३० भाग असावी. कोकणात जून उजाडला की खाड्यांचे पाणी गोडे होऊ लागते, तेव्हा माल मे अखेरपर्यंत काढण्याच्या बेताने पिल्ले सोडावीत. तळ्यात मडकी, कौले, फुटक्या नळांचे तुकडे टाकून ठेवावेत. कारण कात टाकलेला मऊ खेकडा लपू शकला नाही, तर त्याचेच भाऊबंद त्याला खाऊन टाकतात. टोपलीतील खेकडे एकमेकांचे पाय ओढतात म्हणून झाकण लागत नाही, ही गोष्ट मराठी माणूस मोठ्या चवीने सांगतो. प्रत्यक्षात व्यापारी प्रत्येक चिंबोरीच्या नांग्या सुतळीने आवळून बांधतो, तेव्हाच माल पूर्ण पोहोचतो.

कांदळवन तोडून तळे करण्यास मनाई आहे व ते धंद्याच्याही मुळावर येणारे आहे. किनारी जलकृषीसाठी २००५ च्या कायद्याखालील तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. अधिक माहिती रत्नागिरी येथील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात व पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात मिळू शकते.

पुण्यास माल पाठविताना चिंबोऱ्या बांबूच्या टोपलीत ओल्या गोणपाटात ठेवाव्यात. कल्ले ओले राहिले तर त्या पाण्याबाहेरही काही दिवस जगतात. वारा व ऊन लागल्यास वाटेतच मरतात, आणि मेलेला खेकडा तत्काळ नासतो. रात्रीच्या गारव्यात घाट चढविणे हेच श्रेयस्कर. परदेशी निर्यातीची भाषा पुष्कळ केली जाते. पण २०२० च्या आरंभी चीनमध्ये साथ पसरली आणि जिवंत खेकड्यांची निर्यात थांबली, तेव्हा सुंदरबनातील पकडणाऱ्यांचा माल पडून राहिला. एका दिवसाच्या वाटेवर पुण्यासारखे गिऱ्हाईक असणे, ही कोकणच्या उत्पादकाची खरी जमेची बाजू आहे.

मावळचा मुठा

पुणे जिल्ह्याच्या भातपट्ट्यातील मुठ्याविषयी वेगळे सांगणे अवश्य आहे. १८३६ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या डोंगरावरील खेकड्यांच्या सवयींचे वर्णन लंडनच्या एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि त्याच लेखात वेस्टवुड यांनी येथील जातीस ‘बीळ करणारा’ अशा अर्थाचे शास्त्रीय नाव दिले. आजही तिला बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस या नावाने ओळखतात. आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रातील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली सह्याद्रीतील गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती नोंदविल्या. म्हणजे आपल्या डोंगरात काय आहे याची मोजदाद अद्याप पुरी झालेली नाही.

मुठ्याची मादी चिंबोरीप्रमाणे लाखो अंडी घालीत नाही. तिची अंडी मोठी व थोडी, शेकड्यांत मोजण्याजोगी असतात. त्यांतून थेट लहान खेकडेच बाहेर पडतात व काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतात. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांतच हे घडते, आणि नेमक्या त्याच वेळी रात्री बत्त्या घेऊन ओढ्याओढ्याने मुठे पकडण्याची चाल आहे. हल्ली हे मुठे केवळ घरच्या कालवणापुरते न राहता शहराकडेही विक्रीस जातात. इतक्या मंद गतीने वाढणारा प्राणी व्यापारी पकड फार वर्षे सोसू शकणार नाही.

दुसऱ्या बाजूस, मुठा बांधात बिळे पाडतो, खाचराचे पाणी त्यातून वाहून जाते व कोवळी रोपे तो कुरतडतो, ही शेतकऱ्याची तक्रारही रास्त आहे. पूर्वी यावर विषारी आमिषे सुचविली जात. परंतु खाचरातील विष ओढ्यात उतरते व तेच मुठे माणसाच्या ताटात येतात, तेव्हा तो उपाय करू नये. लावणीपूर्वी बांधाची डागडुजी करताना बिळे शोधून त्यांत भाताचा पेंढा कोंबावा व वरून चिकणमाती ठोकून बसवावी. बांध रुंद व घट्ट ठेवावा. पाणी गळू लागल्यास रात्री बांधावरून फिरून मोठे नर हाताने वेचावेत. ते खावयास हरकत नाही, मात्र गोड्या पाण्याचा खेकडा कच्चा वा अर्धवट शिजवलेला खाऊ नये, त्यातून फुप्फुसाचा रोग जडू शकतो. वेचलेला मुठा उलटा करून पाहावा. पट्टा रुंद असून त्याखाली अंडी वा पिल्ले दिसली, तर ती मादी टोपलीत न टाकता खाचरापासून दूर, ओढ्याच्या दगडांत सोडून द्यावी.